आवाज येतो तिथपर्यंतचं जंगल

आणि हो पप्पा, ते मोहाचं झाड अजून आहे, हे तर सांगायचंच राहिलं. तुम्ही ज्याच्याखाली चटई टाकून आडवे व्हायचात ना, तेच. एका बाजूची मोठी फांदी गेलीय, पण सावली तेवढीच पडते. मी आत्ता त्याच सावलीत बसून हे मोबाईलवर टाईप करतेय. मम्मी शेजारी झोपलीय. चप्पल उशाशी, पदर तोंडावर, अगदी तुमच्या जागेवर. ग्रुपमधले सगळे तलावाकडे गेलेत, फोटो काढायला. इथे नेटवर्कची एक काडी येते आणि जाते.

तोरणमाळ आता खूप बदललंय. ओळखता येणार नाही असं मी म्हणणार होते, पण तुम्ही लगेच ओळखाल. सात पायरीच्या घाटात बस तशीच कण्हते, वर आल्यावर हवा तशीच एकदम गार लागते. फक्त सीताखाईच्या कडेला आता रेलिंग आहे, सेल्फी काढायला जागा केलीय, कचऱ्याचे डबे ठेवलेत आणि डबे रिकामे, कचरा बाजूला. सुट्टीच्या दिवशी गाड्यांची लाईन लागते. कोणी डिकी उघडून गाणी लावतो. दरीत तोंड करून लोक स्वतःचीच नावं ओरडतात, आणि आवाज परत आला की टाळ्या वाजवतात. पावरा आदिवासी बायका अजूनही रस्त्याच्या कडेला सीताफळं घेऊन बसतात. तुम्ही एक फळ दाबून बघायचात आणि सगळी पाटीच्या पाटी विकत घ्यायची असल्यासारखा भाव करून शेवटी चारच घ्यायचात, आठवतं? मी पण तेच करते. त्या हसतात.

मी काय करते ते तुम्हाला माहीतच नाही ना. मी लोकांना जंगलात फिरायला आणते. म्हणजे नोकरी वेगळी आहे, कॉम्प्युटरवरची, पण सुट्टी आली की नंदुरबार, धुळे, सुरतेकडची माणसं गोळा करायची आणि निघायचं. पक्षी दाखवायचे, झाडं दाखवायची, चालवायचं, दमवायचं. मला ना पप्पा, याचं वेड लागलंय. दुर्बीण घेतली. चांगले बूट घेतले. पक्ष्याचा आवाज ऐकून त्याचं नाव सांगणारं एक ॲप असतं, ते घेतलं. पहाटे उठून मी एकटीच उड्या मारत असते आणि बाकीचे जांभया देत असतात. ग्रुपला मी पहिला नियम सांगते: कुठेही जा, पण माझी शिट्टी वाजली की जिथे असाल तिथून ओरडून उत्तर द्यायचं. उत्तर आलं नाही तर मी शोधायला येणार आणि मग शिव्या खाणार. परवा हा नियम सांगता सांगता मी मध्येच थांबले. म्हटलं, हा नियम माझा नाहीच. हा तर पप्पांचा आहे. मी फक्त त्यातली माणसाची हाक काढली आणि शिट्टी घातली.

तुमच्या विकली ऑफच्या दिवशी आपण इथे यायचो. आख्खा आठवडा एसटी चालवणारा माणूस सुट्टीच्या दिवशी परत एसटीतच बसतो, यावर मम्मीचा ठरलेला टोमणा असायचा. पण तुम्ही म्हणायचात, आज मी ड्रायव्हर नाही, आज मी खिडकी आहे. शहाद्याहून गाडी निघाली की पुढून तुमचा दोस्त ड्रायव्हर आरशातून बघून ओरडायचा, "काय भाऊ, आज मागे? ब्रेक लागत नहीत का?" आणि तुम्ही मागून, "तू वळण दख रे, मन्हाकडे नको दखू!" सगळी बस हसायची. पण घाट लागला की तुमचा पाय खाली आपोआप दाबला जायचा. मी बघायचे. प्रत्येक वळणाला ब्रेक. रिकाम्या पत्र्यावर. मांडीवर डबा असायचा, भरीत आणि कळण्याच्या पुऱ्यांचा, आणि तुम्ही ब्रेक दाबला की डबा पण हलायचा.

आणि इथे आल्यावर एक गोष्ट व्हायची जी घरी कधीच व्हायची नाही. घरी तुम्ही मम्मीशी अहिराणीत बोलायचात, डेपोतल्या लोकांशी अहिराणीत बोलायचात, आणि माझ्याकडे वळलात की एकदम शाळेतल्या सरांसारखं मराठी. "बेटा, तू जेवली का? अभ्यास झाला का?" मम्मीला पण ताकीद होती, पोरगी इंग्रजी शाळामा शे, तिनापुढे आपली भाषा नको. मला वाटायचं ती मोठ्या माणसांची भाषा आहे, चहासारखी, मोठं झाल्यावर मिळेल. पण या झाडाखाली चटई टाकली, शर्टाची वरची बटणं सोडली, की तुम्ही माझ्याशी पण अहिराणीत बोलायला लागायचात. मम्मी म्हणायची, अहो, पोरगी! तुम्ही हात उशाखाली घालून म्हणायचात, "आठे कोन ऐकस? झाडं?"

म्हणून मला हे जंगल एवढं आवडायचं. मी ग्रुपला सांगते की मला लहानपणापासून पक्ष्यांची आवड होती. पक्षी नंतर आले. इथे माझे पप्पा माझ्याशी त्यांच्या भाषेत बोलायचे.

जेवण झालं की तुम्ही आडवे. मला फिरायचं असायचं, आणि मम्मीला भीती. मग तुम्ही तो नियम काढला. डोळे मिटलेले, पण बोट वर करून सांगितलंत, "जठलगून मन्हा आवाज येस, तठलगून जंगल तुन्हं." बास, आवाज ऐकू येतो तिथपर्यंत मी मोकळी. मग मी निघायचे. सुकलेल्या ओढ्यात उतरायचे, सागाची मोठी पानं गोळा करायचे, कुठल्या तरी बिळात काडी घालायचे. आणि थोड्या थोड्या वेळाने मागून तुमची हाक यायची, "शे काऽ?" मी जिथे असेन तिथून ओरडायचे, "शेऽ!" मग तुम्ही परत झोपेत. कधी कधी मी मुद्दाम लांब लांब जायचे, हाक किती बारीक होते ते ऐकायला. जंगल केवढं आहे ते मला तुमच्या आवाजावरून कळायचं.

आणि मी किती वेडी! मला वाटायचं "शेका" हा एकच शब्द आहे. जंगलातला पासवर्ड. सुट्टीनंतर शाळेत मॅडमनी विचारलं, सुट्टीत काय केलं, तर मी उभी राहून इंग्लिशमध्ये सांगितलं की वी वेंट टू द फॉरेस्ट अँड प्लेड शेका. मॅडम केरळच्या. त्या म्हणाल्या, व्हॉट इज शेका? मी म्हटलं, इट इज अ गेम, फादर स्लीप्स. आख्खा वर्ग हसला. घरी येऊन मी रडले, आणि मम्मीने पोळ्या लाटता लाटता सांगितलं, "अगं बाई, शे म्हणजे आहे. शे का म्हणजे आहेस का. येवढंच." मला तेव्हा जरा वाईटच वाटलं, पासवर्डचा एवढा साधा अर्थ निघाला म्हणून. पण तुम्ही डेपोत जाऊन ती गोष्ट सगळ्यांना सांगितलीत! नंतर मी डबा द्यायला आले की कंडक्टर काका गेटवरूनच, "काय वं शेका, पप्पासना डबा का?" माझं नाव तिथे कोणाला माहीतच नव्हतं.

तुम्ही मला एकदाच रागावलात. तोही इथेच. मी ओढ्याच्या पलीकडे होते आणि समोरच्या फांदीवर हळद्या बसलेला. तेव्हा नाव माहीत नव्हतं, एवढंच की इतका पिवळा पक्षी मी आयुष्यात बघितला नव्हता. तुमची हाक आली. मी बोलले तर तो उडाला असता, म्हणून मी गप्प. परत हाक आली. मी गप्प. मग पालापाचोळ्यात धाडधाड आवाज, आणि तुम्ही आलात, अनवाणी, लुंगी वर खोचलेली, केसांत पान. मला वाटलं आता मार बसणार. तुम्ही माझ्यासमोर खाली बसलात, माझे दोन्ही दंड धरलेत, आणि तुम्हाला बोलताच येईना. धाप लागली होती. मी म्हटलं, पप्पा, पक्षी उडाला असता. तुम्ही म्हणालात, "उडी जाई तर जाऊ दे. पक्षी दुसरा येई. तू बोल." परत येताना तुम्ही लंगडत होता, टाचेत काटा होता, आणि मम्मी तो पिनेने काढत असताना तुम्ही मला डोळा मारलात. म्हणजे राग गेला.

बाकीचं तुम्हाला माहीतच आहे. म्हणजे माहीत आहे की नाही, हेच मला माहीत नाही. तुम्ही ड्युटीवर जायला निघालात आणि दारातच खाली बसलात. नंदुरबारच्या डॉक्टरांनी सुरतेला न्यायला सांगितलं. मला मामाने सोबत घेतलं, पण आत सोडलं नाही. लहान मुलांना आत परवानगी नाही, असं काचेच्या दारावर लिहिलेलं होतं, गुजराती आणि इंग्लिशमध्ये. इंग्लिश असल्यामुळे मलाच सगळ्यांत आधी वाचता आलं. मी बाहेर बाकड्यावर बसले होते, माझे पाय जमिनीला पुरत नव्हते. मम्मी आत जायची, बाहेर यायची, परत जायची. दार उघडलं की गार हवा आणि मशीनचा टिकटिक आवाज यायचा, आणि बंद झालं की काहीच नाही. मामाने मला क्रीमची बिस्किटं दिली. मी क्रीम चाटून बिस्किटं तशीच ठेवत होते, तुम्हाला द्यायला, कारण तुम्हाला क्रीम आवडायची नाही. सकाळी मम्मी बाहेर आली आणि नुसती माझ्याशेजारी बसली. पुडा माझ्या मांडीवर होता.

त्यानंतर आम्ही इथे आलो नाही. मी मोठी होऊन, ग्रुप घेऊन यायला लागले तेव्हा मम्मी म्हणायची, "काय दखाले जास जंगलमा? घरनी मोरीजवळ बी झाड शे." स्वतः कधीच आली नाही. मी विचारणं पण सोडून दिलं.

मग या दिवाळीत एक गोष्ट झाली. आम्ही जेवत होतो. माझ्या मैत्रिणीचे वडील गेलेत, आणि तिने त्यांचा एक जुना व्हॉइस मेसेज मला ऐकवला होता, दूध घेऊन ये एवढाच. ती तो रोज ऐकते. मी मम्मीला ते सांगत होते, सहज, आणि सांगता सांगता मला कळलं की माझ्याकडे काहीच नाही. तुमचे फोटो आहेत, युनिफॉर्मचा बिल्ला आहे, लग्नाच्या कॅसेटमध्ये तुम्ही आहात पण तिथे सगळीकडे बँड वाजतोय. मला तुम्ही काय बोलायचात ते सगळं आठवतं. शब्दन् शब्द आठवतो. पण तो आता माझ्याच आवाजात ऐकू येतो. तुमचा आवाज गेलाय. मी आठवायला गेले तर तोंड हलताना दिसतं आणि आवाज माझा. मी ॲपवर शेकडो पक्षी आवाजावरून ओळखते पप्पा, आणि मला स्वतःच्या बापाचा आवाज येत नाही.

मी म्हटलं, "मम्मी, मला पप्पांचा आवाज आठवत नाही."

तिने ताट उचललं, मोरीत नेलं, पाणी किती तरी वेळ चालू होतं. दुसऱ्या दिवशी मी बॅग भरत होते तर दारात उभी राहून म्हणाली, "मले बी लयी चाल तुन्हा जंगलमा." मी बघतच राहिले. ती म्हणे, "असं काय दखस? जागा नही का गाडीमा?"

गाडीत तिने सगळ्यांना जिंकून घेतलं. माझ्या बुटांकडे बघून म्हणाली, "येवढाले बूट! हत्ती धराले जाई ऱ्हायनी का?" सुरतेच्या एका ताईंनी डाएट बिस्किटं पुढे केली तर एक तोंडात टाकून म्हणाली, बाई, यापेक्षा खोका खाल्ला असता. आणि घाट सुरू झाला तसा मी खाली बघितलं. तिचा पाय. प्रत्येक वळणाला दाबत होती. मी खिडकीकडे तोंड केलं.

इथे आल्यावर ग्रुपला मी तलावाची वाट दाखवून पुढे पाठवलं आणि आम्ही दोघी इकडे वळलो. तिने वाट विचारली नाही. सरळ झाडाशी आली. पिशवीतून चटई काढली. तीच, कडेला निळी पट्टी असलेली. मला वाटत होतं ती केव्हाच टाकून दिली असेल. तिने चटई अंथरली, गुडघ्यावर हात ठेवत ठेवत बसली, मग आडवी झाली. डोळे मिटले. म्हणाली, "जा."

"कुठे?"

"जठे जायची तठे. जा ना."

मी गेले. काय करावं कळत नव्हतं, म्हणून त्याच ओढ्यात उतरले. तो किती जवळ आहे, पप्पा! मला वाटायचं किती लांब. पाणी नव्हतं, गोल दगड होते, एका दगडात चिप्सचं पाकीट अडकलेलं, ते मी खिशात घातलं. आणि मागून हाक आली, "शे का?"

मम्मीचा आवाज. बारीक, जरा लाजलेला, कोणी ऐकेल की काय असा. मी वळून झाडाकडे बघितलं. तेवढ्यात तिने परत हाक मारली. या वेळी जोरात. "शे काऽऽ?" आणि तो "का" पप्पा, तो असा वर जाऊन शेवटी थोडासा खाली वाकला, बस थांब्याला येताना वाकते तसा. तो तिचा नव्हता. तुम्हीच तसं म्हणायचात. एवढी वर्षं तिच्या गळ्यात तो तसाच पडून होता, न वापरलेला. मी ओढ्यात खालीच बसले. दगडावर. मला तुमचा आवाज ऐकू आला. आत्ता, या कानांनी.

आणि मी उत्तर दिलं नाही. खरं सांगते, मला सुचलं नाही असं नाही. मला तिने अजून एकदा हाक मारायला हवी होती. म्हणून मी मुद्दाम गप्प बसले.

तिसऱ्या हाकेत आवाज फाटला. त्यात तुम्ही नव्हता, नुसती ती होती, घाबरलेली. मी पळत वर आले आणि ओरडले, "शे! शे मम्मी, शे!" ती चटईवर उठून बसली होती, एक चप्पल पायात, एक हातात. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "कठे गयी व्हती वं? बोलाले काय व्हतं तुले?"

मी तिच्याजवळ बसले. तिने सीताफळ फोडलं, अर्धं मला दिलं. मग बिया हातात गोळा करत करत, माझ्याकडे न बघता सांगायला लागली. तुम्हाला सगळं माहीत असेल, पण तिने कसं सांगितलं ते लिहिते.

"सुरतले, त्या दवाखानामा, तुन्हा पप्पा एकच इचारेत. शे का? मी सांगं, शे, बाहेर शे, बाकडावर बसेल शे. त्यासले ऐकूच नही ये. परत, शे का? नर्स बी म्हने, किसको बुला रहे हैं? मी डॉक्टरले हात जोडात, पोरले एक मिनिट येऊ द्या. नही म्हने." बिया तिने मुठीत धरल्या. "मंग मी तुन्हासारखा आवाज काढा. बारीक. शेऽ! असा. मंग त्यासनी डोया मिटात. मंग परत इचारं नही."

ती म्हणाली, "तो शब्द तुन्हा व्हता बेटा. मी तो तुन्हाकडथून घेई लिधा. म्हनीसन मी आठे येत नव्हती. आठे कोनी हाक मारी तर काय सांगू?"

एवढं बोलून ती पदर तोंडावर घेऊन झोपली. खरंच झोपली, घोरतेय. आणि मी इथे बसलेय, आणि काचेचं ते दार माझ्या डोक्यातून जात नाही. मी बाहेर होते पप्पा. एका दाराच्या अंतरावर. तुमचा आवाज येतो तिथपर्यंत जंगल माझं होतं ना, आणि तेवढ्यात त्यांनी दार लावून घेतलं होतं. मी क्रीम चाटत बसले होते आणि तुम्ही हाका मारत होता.

ग्रुप आता परत येईल. शिट्टी गळ्यात आहे, पण आज मी ती वाजवणार नाही, आज मी तोंडाने हाक मारणार आहे, हसले तर हसू देत. नेटवर्क आलं तरी हे कुठे जाणार नाही, फोनमध्येच राहील, मम्मीला पण दाखवणार नाही. कारण तिला ते सांगायची माझी हिंमत नाही, की दुसऱ्या हाकेला मी तिला ऐकतच नव्हते. तुम्हाला ऐकत होते. तिच्या तोंडून.

पण तुम्हाला एक विचारायचंय. तुम्ही आयुष्यभर तिचा आवाज ऐकलात, तिने कितीही बारीक काढला तरी तो तिचाच होता. मग तुम्हाला काय वाटतं पप्पा, त्या दिवशी "शे" ऐकून तुम्ही डोळे मिटलेत ते मी आहे असं वाटलं म्हणून, की ती आहे हे कळलं होतं आणि तिने एवढा जीव लावून सांगितलंय म्हणून?